आठवडा कसा गेला?

परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालावे आणि त्याला पोचवावयास वेशीपर्यंत जावे, ही आपली जुनी रीत आहे. आजऱ्यासारख्या गावात ती अजून टिकून आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एक तरुण अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाला, तेव्हा एस. टी. स्थानकावर सारी आळी लोटली होती. वडिलांनी त्याच्यासाठी बँकेचे कर्ज काढले होते. आईने सामानात घनसाळ तांदळाची पुरचुंडी बांधून दिली होती. गाडी गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली आणि माणसे पांगू लागली. जाता जाता एकाने विचारले, “तिकडे पुढे पगार किती मिळतो हो?” दुसऱ्याने विचारले, “तिथे बर्फ पडतो ना?”

पुढे त्या मुलाचा दूरध्वनी आला, की शेजारीपाजारी हेच दोन प्रश्न विचारीत. प्रश्न वाईट नव्हते. परंतु जो प्रश्न विचारावयास हवा, तो कोणी विचारीत नव्हते. तो प्रश्न अगदी साधा आहे : “तुझा आठवडा कसा गेला?”

गेल्या गणेशोत्सवात तो सुटीवर आला होता. एका संध्याकाळी आम्ही दोघे हिरण्यकेशीच्या काठी, रामतीर्थावर जाऊन बसलो. तेथे मी त्याला हा प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला.

“सोमवारी सकाळी आठला पहिले व्याख्यान असते. थंडीच्या दिवसांत त्या वेळी पुरते उजाडलेलेही नसते. आमच्याकडे बहुतेक तासांना हजेरी घेत नाहीत. त्यामुळे अंथरुणातून उठलो नाही, तरी विचारणारे कोणी नाही. मंगळवार आणि बुधवार प्रयोगशाळेत जातात. गुरुवारी संध्याकाळी मी एका खाणावळीत भांडी घासतो. परदेशी विद्यार्थ्याने किती काम करावे याला तेथे कायद्याची मर्यादा आहे. म्हणून मिळेल तेवढ्या पैशांत भागवावे लागते. शुक्रवारी गणिते पुरी करावयाची. शनिवारी कपडे धुवावयाचे आणि बाजार आणावयाचा. कारण रविवारी तेथील दुकाने बंद असतात. रविवारी घरी बोलतो. थंडीत आपले घड्याळ त्यांच्यापुढे साडेचार तास असते. आई झोपण्यापूर्वी बोलावयाचे, म्हणून मी दुपारीच वेळ साधतो. आई विचारते, ‘जेवलास का?’ मी ‘हो’ म्हणतो.”

“आणि खरेच जेवलेला असतोस का?” मी विचारले.

तो हसला. मग खाली पाहत म्हणाला, “पहिला डिसेंबर फार कठीण गेला. चारच्या सुमारास अंधार पडे. सबंध आठवड्यात रविवारखेरीज मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नसे. त्या सत्रात एका विषयात मी नापास झालो. घरी सांगितले नाही. काय सांगणार? सगळे पगार आणि बर्फ यांविषयीच विचारीत होते!”

पुढच्या सत्रात त्याने तो विषय सोडविला. परंतु त्याचे ते शब्द माझ्या मनातून जात नाहीत. विद्यार्थी परदेशी गेला, की आपण त्याच्या प्रवासाचे कौतुक करतो आणि त्याच्या पदवीची वाट पाहतो. प्रवास एका दिवसाचा असतो, पदवीदान एका दिवसाचे असते. या दोहोंच्या मध्ये शंभराहून अधिक आठवडे असतात आणि विद्या मिळते ती त्या आठवड्यांत. पदवी म्हणजे त्या आठवड्यांची पोचपावती होय.

याचे थोर उदाहरण आपल्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली अमेरिकेतून लंडनला गेले; परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी त्यांच्या गाठीला स्वतःची शिल्लक होती, मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज होते आणि आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी केलेले साहाय्यही होते. बाबासाहेबांना या पैशांचे मोल ठाऊक होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडण्याच्या वेळी ते तेथे हजर असत आणि ते बंद होईपर्यंत वाचीत बसत. खाण्यावर ते अगदी बेताचा खर्च करीत. दिवसामागून दिवस, आठवड्यामागून आठवडा हाच क्रम चाले. 1921 साली त्यांना एम. एस्सी. आणि 1923 साली डी. एस्सी. ही पदवी मिळाली. लंडनला त्या काळी पुष्कळजण गेले. ते ग्रंथालयही पुष्कळांना खुले होते. तरीही बाबासाहेबांच्या हाती जे लागले, ते नुसत्या लंडनच्या वास्तव्याने लागले नाही. तेथील तासांचा त्यांनी जो उपयोग केला, त्याने लागले.

येथे कोणी म्हणेल, “मग आठवडा हाच सर्व काही असेल, तर परदेशी जावेच कशाला?” या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. काही ग्रंथ, काही प्रयोगशाळा आणि काही गुरू दूरच असतात. त्यांच्यापाशी जावेच लागते. स्थळ आपल्याला संधी देते. संधीचे विद्येत रूपांतर मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

“आठवडा कसा गेला?” या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. डॉ. आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्या अवघ्या 18 वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत होत्या. त्यांच्या खोलीतील शेगडी पेटविली, की खोलीभर धूर कोंडे. न पेटविली, तर कडाक्याची थंडी सोसावी लागे. आपला पोशाख आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. घरच्या पत्राचे उत्तर समुद्रमार्गे हाती पडावयास महिने लागत. अशा स्थितीत त्यांनी अभ्यास पुरा केला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळविली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख नेमले. परंतु त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची 22 वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या यशाची वार्ता त्या काळी देशभर पोचली. धुराने भरलेल्या त्या खोलीची वार्ता मात्र किती घरांत पोचली असेल? आज पत्राला महिने लागत नाहीत. बोलताना एकमेकांचा चेहराही दिसतो. तरीदेखील आपण विचारले नाही, तर दूरच्या मुलाची थंड खोली आपल्याला दिसत नाही. म्हणून हा प्रश्न नुसता हिशेबाचा नाही, मायेचाही आहे. मुलाने वेळ कसा घालविला हे त्यातून कळते आणि त्या वेळाने मुलावर काय ओढवले तेही कळते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, कोणाची ताई परदेशी असेल. कोणी कोल्हापूरला किंवा पुण्याला वसतिगृहात असेल. आईच्या मायेपासून दूर असणाऱ्याला कोल्हापूरही कधी कधी परदेशच वाटतो. पुढच्या वेळी बोलाल, तेव्हा त्यांना आठवड्याविषयी विचारा. उत्तर येण्यास वेळ लागला, तर थांबा. ‘नापास झालो’ असे उत्तर आले, तर रागावू नका; खरे सांगितल्याबद्दल त्यांना शाबासकी द्या.

आणि मग तुमचाही आठवडा त्यांना सांगा. आजऱ्यात असो वा जर्मनीत, आठवड्याचे तास 168 च असतात. उद्या तुम्ही कोठे जाल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. परंतु जाताना आपल्याबरोबर आठवडा वापरण्याची जी सवय न्याल, ती मात्र येथेच, याच शाळेत, लागत आहे.

तो तरुण गणपतीनंतर परत गेला. त्याच्या आईने पुन्हा तांदळाची पुरचुंडी बांधून दिली. आता रविवारी त्याचा दूरध्वनी आला, की ती विचारते, “सोमवारपासून सांग.” आणि तो सांगतो.