शिफारस हेही एक कर्जच

ओळखपत्रे आणि केवायसीचे नियम रूढ होण्यापूर्वी बँकेत खाते उघडण्यासाठी परिचयकर्ता लागत असे. जुना खातेदार नव्या अर्जावर सही करी आणि अर्जदार आपल्या ओळखीचा असल्याचे सांगे. या प्रथेला कायद्याचा आधार होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम १३१ नुसार, ग्राहकाचा धनादेश वसूल करणाऱ्या बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल, तरच तिला संरक्षण मिळते. अनोळखी माणसाचे खाते चौकशीविना उघडणे हा निष्काळजीपणा ठरण्याचा धोका असे. परिचयकर्त्याला सहीचा मोबदला मिळत नसे. मात्र नवा खातेदार लबाड निघाला, तर शाखेत परिचयकर्त्याच्या शब्दाची किंमत उतरे.

ही प्रथा मागे पडली, तरी तिच्यातील तत्त्व आजच्या एका वाढत्या व्यवसायाला जसेच्या तसे लागू पडते. तो व्यवसाय म्हणजे दुसऱ्याच्या घरांची, दुकानांची देखभाल व व्यवस्थापन. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक अशा शहरांत अनेक सदनिकांचे मालक स्वतः तेथे राहत नाहीत. कुणी नोकरीसाठी परदेशी असते, कुणी वयोमानाने मुलाकडे राहायला गेलेले असते. भाडेकरू शोधणे, करार नोंदवणे, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे, भाडे वेळेवर जमा होते की नाही ते पाहणे, गृहनिर्माण संस्थेची देणी भरणे, गळती-दुरुस्ती करून घेणे आणि शेवटी घर ताब्यात घेऊन अनामतीचा हिशेब पुरा करणे, ही कामे या मालकांसाठी कुणीतरी करावी लागतात. अनेक तरुणांनी आणि काही निवृत्तांनीही या व्यवसायात पाऊल टाकले आहे.

या व्यवसायात जाहिरात फारशी उपयोगी पडत नाही. मालकाला आपल्या घराची किल्ली एका परक्या माणसाच्या हाती द्यायची असते. जाहिरात वाचून मिक्सर विकत घेता येतो. किल्ली देण्यापूर्वी मात्र प्रत्येक मालक एकच प्रश्न विचारतो : ‘तुमच्या ओळखीत कुणी आहे का?’ म्हणून जुन्या ग्राहकाच्या शिफारशीने नवा ग्राहक मिळणे हाच येथील वाढीचा मुख्य मार्ग ठरतो.

शिफारशीने आलेला ग्राहक अधिक टिकतो, हा अनुभव संशोधनानेही तपासला गेला आहे. जर्मनीतील एका बँकेच्या सुमारे १०,००० ग्राहकांचा अभ्यास २०११ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिफारशीने आलेले ग्राहक बँकेशी अधिक काळ जोडलेले राहिले आणि बँकेच्या दृष्टीने त्यांचे मूल्य इतरांपेक्षा सरासरी किमान १६ टक्क्यांनी अधिक भरले. आरंभीच्या नफ्यातील फरक काळाबरोबर ओसरला. टिकून राहण्यातील फरक मात्र कायम राहिला.

आता हाच हिशेब आपल्या व्यवसायाला लावून पाहू. समजा, एका व्यावसायिकाकडे २० सदनिका आहेत. दर वर्षी चारपैकी एक मालक एक नवा ग्राहक आणतो आणि वीसपैकी एक मालक सोडून जातो. म्हणजे पाच येतात, एक जातो. वाढ २० टक्के. बँकांतील ७२ चा परिचित आडाखा लावला, तर सुमारे साडेतीन वर्षांत व्यवसाय दुप्पट होतो. आता शिफारशी तेवढ्याच ठेवा. पण सोडून जाणारे वीसपैकी चार आहेत असे धरा. वाढ ५ टक्क्यांवर येते आणि दुप्पट होण्यास १४ वर्षे लागतात. शिफारशी वाढवण्याच्या युक्त्या शोधण्यापूर्वी, आहेत ते ग्राहक का जातात हे शोधणे अधिक लाभाचे आहे, हे या साध्या आकडेमोडीवरून ध्यानात येते.

शिफारस मिळावी असे काम कोणते, तेही स्पष्ट असावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ प्रमाणे भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाडे देण्यापूर्वी ३० टक्के आणि त्यावरील उपकर इतकी करकपात करणे भाडेकरूचे कर्तव्य असते. अनेक भाडेकरूंना ते ठाऊकच नसते. गृहनिर्माण संस्थेने आकारलेले बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. जो व्यवस्थापक अशा गोष्टी मालकाने विचारण्याआधी सांगतो आणि त्यांची कागदपत्रे हाती देतो, त्याचे नाव चार लोकांत आपसूक निघते.

शिफारशीची दुसरी बाजू मात्र क्वचितच विचारात घेतली जाते. असे समजा की, बाणेर येथील सदनिकेचे मालक परदेशी आहेत. आपले काम चोख झाले म्हणून ते पिंपरीतील मावसभावाला त्याच व्यवस्थापकाचे नाव सांगतात. मावसभाऊ निवृत्त आहेत आणि भाड्याच्या उत्पन्नावर त्यांचा महिन्याचा खर्च चालतो. व्यवस्थापकाकडे तोवर कामे वाढलेली असतात. भाडेकरू सोडून जातो, घर दोन महिने रिकामे राहते, आणि अनामतीतून दुरुस्तीसाठी किती रक्कम वळती झाली याचा हिशेब मागूनही मिळत नाही. मावसभाऊ व्यवस्थापकाला दोनदा फोन करतात. तिसरा फोन ते परदेशातील भावाला करतात. व्यवस्थापकाच्या वहीत एका ग्राहकाची तक्रार नोंदली जाते. कुटुंबात मात्र पुढच्या लग्नकार्यात दोघे भाऊ एकमेकांशी मोजकेच बोलतात.

म्हणूनच शिफारस म्हणजे शिफारस करणाऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज आहे, असे समजून वागावे. रक्कम त्याच्या खात्यातून गेलेली नसते. गेलेली असते ती त्याची पत. हे कर्ज व्यवस्थापकाने फेडायचे असते आणि त्याचे तारण सहसा नातेसंबंध असतात. ज्या समाजात माणसे लग्नकार्यात, संस्थांच्या सभांत आणि व्यापारपेठेत वारंवार भेटतात, तेथे या कर्जाची वसुली फार कडक असते.

यातून काही व्यवहारी नियम निघतात. पहिला नियम वेळेचा. करार होताच ‘आणखी कुणी असेल तर सांगा’ म्हणणे घाईचे ठरते. तोवर मालकाने काही अनुभवलेलेच नसते. पहिला भाडेकरू शांतपणे घर सोडून गेला, अनामतीचा पैनपै हिशेब पावत्यांसह मालकाला मिळाला आणि घर पुन्हा भाड्याने गेले, की मग विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. तक्रार प्रलंबित असताना तर विचारूच नये.

दुसरा नियम विचारण्याच्या पद्धतीचा. मोघम विनंतीला मोघम उत्तर मिळते. ‘आपल्या इमारतीत किंवा नात्यात कुणाचे घर बंद पडून आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारला, तर मालकाला एखादे नाव आठवते. फोन क्रमांक मागण्याऐवजी आपला क्रमांक त्यांना देण्याची विनंती करावी. समोरच्याच्या संमतीविना त्याचा क्रमांक हाती घेणे शिष्टाचाराला धरून नाही. शिवाय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाल्यापासून व्यावसायिकांनी याबाबत अधिक सावध राहणे इष्ट आहे.

तिसरा नियम कामाच्या मर्यादेचा. जे घर आपल्या माणसांच्या आवाक्याबाहेर आहे, ते कितीही आग्रहाची शिफारस असली तरी घेऊ नये. पुण्यात चार माणसे असलेल्याने लोणावळ्यातील बंगला केवळ भिडेखातर स्वीकारला, तर नवा ग्राहक नाराज होतो आणि जुनाही दुरावतो. नम्र नकाराने शिफारस करणाऱ्याची पत शाबूत राहते.

चौथा नियम मोबदल्याचा. समजा, सेवाशुल्क महिन्याला २,००० रुपये, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये आहे. शिफारस करणाऱ्याला आणि नव्या ग्राहकाला, दोघांनाही एका महिन्याचे शुल्क माफ केले, तर खर्च ४,००० रुपये, पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा सहावा भाग होतो. नवा ग्राहक पाच वर्षे टिकला, तर तोच खर्च तिसावा भाग ठरतो. ही सवलत उघड असावी. दोघांना एकमेकांच्या लाभाची कल्पना असावी. गुपचूप दिलेले कमिशन उघडकीस आले, तर ‘भावाने पैशासाठी नाव सुचवले’ अशी शंका मनात घर करते. अनेकांना पैसे घेणे प्रशस्तही वाटत नाही. त्यांना आभाराचे एक पत्र आणि ‘काम व्यवस्थित सुरू झाले’ एवढा निरोप अधिक मोलाचा वाटतो. मात्र नव्या ग्राहकाच्या भाड्याचा किंवा उत्पन्नाचा तपशील त्या निरोपात नसावा.

मोबदल्याची साखळी तर कधीच उभारू नये. एकाने आणलेल्या ग्राहकाने आणखी तिघे आणले की पहिल्यालाही वाटा, अशा योजना आकर्षक दिसतात. परंतु त्या बक्षीस चिटफंड व पैशांच्या फिरत्या योजना यांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत जाण्याचा धोका असतो. घराच्या विक्रीसाठी ग्राहक सुचवून मोबदला घेण्याचा प्रश्नही वेगळा आहे. नोंदणीस पात्र प्रकल्पातील सदनिकेच्या खरेदी-विक्रीसाठी दोन पक्षांची गाठ घालून शुल्क घेणारा रेरा कायदा, २०१६ नुसार एजंट ठरतो आणि त्याला महारेराकडे नोंदणी करावी लागते. भाड्याच्या घरांचे व्यवस्थापन करता करता विक्रीकडे वळणाऱ्यांनी ही सीमारेषा ओळखावी.

शेवटी एक वही. कोणता ग्राहक कुणाच्या शब्दावर आला, कोणत्या तारखेला आला, आज तो समाधानी आहे का, हे चार रकाने पुरेसे आहेत. दर तीन महिन्यांनी ती वही उघडून, शिफारशीने आलेल्या प्रत्येक ग्राहकाला तक्रार नसतानाही फोन करावा. काही बिघडले असेल, तर ते शिफारस करणाऱ्याच्या कानी जाण्यापूर्वी दुरुस्त करावे. आणि ते शक्य नसेल, तर त्याला प्रथम आपणच कळवावे. बाणेरच्या मालकाला पिंपरीहून येणाऱ्या त्या तिसऱ्या फोनच्या आधी व्यवस्थापकाचा फोन गेला असता, तर घर कदाचित रिकामेच राहिले असते. पण दोन भावांमधला अबोला टळला असता.