इंग्रजी बोलायचे कोणाशी?

जळगाव-धुळ्याकडे आपली मुले घरात अम्मीशी उर्दूत बोलतात, बाजारात मराठी बोलतात, शेजारच्या काकूंची अहिराणीही त्यांना समजते. या भाषांसाठी कोणी शिकवणी लावलेली नसते. मग शाळेत इतकी वर्षे शिकूनही इंग्रजीच का अडते? कारण बाकीच्या भाषांवाचून रोजचे काम अडते. इंग्रजी फक्त पेपर लिहायला लागते.

ही गरज निर्माण करता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांना व्हिडिओ कॉलवर परदेशातील वर्गांशी जोडले. भारत आणि पाकिस्तानसारख्या देशांतील मुलांनी एकमेकांशी बोलावे, असा उपक्रमही त्यांनी चालवला. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली.

असा वर्ग आपल्याकडे कसा चालेल? समजा, जळगावचा एक वर्ग तुर्कस्तानातील मलात्याच्या वर्गाशी जोडला. आपल्याकडे दुपारचे तीन, तेव्हा तिथे साडेबारा. आपली मुले केळीचा कंद लावण्यापासून घड उतरवेपर्यंतची हकीकत सांगतील. मलात्या जर्दाळूसाठी प्रसिद्ध. तिथली मुले जर्दाळू कसे वाळवतात ते सांगतील. शेवटी दोघे मिळून इंग्रजीत एक छोटी पुस्तिका तयार करतील. इंग्रजी दोघांनाही परकीच, त्यामुळे चुकले तर हसणार कोण? शिवाय किताब, कलम, दुनिया हे शब्द थोड्या फरकाने तुर्कीतही आहेत. ओळख व्हायला तेवढे पुरे.

आई-वडिलांची काळजी रास्त आहे: मुलगी अनोळखी माणसांशी बोलणार? म्हणूनच कॉल शाळेत, पूर्ण वर्गासमोर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावा. कोणाचा खासगी नंबर किंवा फोटो पाठवू नये. खरे तर याचा सर्वांत जास्त फायदा मुलींनाच आहे. घरातला मोबाइल बहुधा भावाच्या हाती असतो. शाळेच्या पडद्यासमोर मात्र तिची पाळी हक्काने येते.

भगिनींनो, पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करा. सोबत एवढेही विचारा, “सर, महिन्यातून एक तास आमच्या मुलांना इंग्रजीत बोलायला कोणी मिळेल का?”