प्रोटॉन कुठे थांबतो, हे संगणकाला कोणी सांगायचे?

२०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे २६ सेंटिमीटर आत जातो आणि थांबतो. वाटेत तो थोडी थोडी ऊर्जा सोडत असतो, पण ऊर्जेचा सर्वांत दाट मारा होतो तो थांबण्याच्या अगदी आधी. कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचाराचा सारा भर या गुणधर्मावर आहे. गाठीपाशी येऊन थांबलेला कण तिच्या मागच्या मज्जारज्जूला धक्का लावत नाही. नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये २०२३ पासून असे उपचार होत आहेत. मात्र हाड, चरबी, फुप्फुस आणि हवेच्या पोकळ्या ओलांडत गेलेला प्रोटॉन रुग्णाच्या शरीरात नेमका कुठे थांबेल, हे मोजपट्टी घालून पाहता येत नाही. त्याचा हिशेब आधी संगणकावर करावा लागतो. पदार्थातून जाणाऱ्या कणांचे असे सिम्युलेशन करणारी सॉफ्टवेअर ही विज्ञानाची फार मोठी सार्वजनिक कमाई आहे. पण ती हाताशी आहेत म्हणून प्रत्यक्ष मोजमापावरचा खर्च आणि त्याचे महत्त्व आपण कमी करू लागलो, तर ज्या भरवशावर ती उभी आहेत तोच खचेल.

या हिशेबाशी मुंबईचे जुने नाते आहे. अवकाशातून येणारा एक इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की कणांचा पाऊस कसा पडतो, याचे गणित मुंबईचे होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. त्याआधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर कसे विखुरतात, याचे भाभांनी काढलेले सूत्र आजही या सॉफ्टवेअरच्या आत त्यांच्याच नावाने काम करते. पण कागदावरच्या गणिताला मर्यादा होती. सरासरी काढता येत असे. प्रत्येक कणाची वाट मात्र वेगळी असते आणि प्रत्येक वळणावर काय घडेल ते संभाव्यतेवर ठरते. १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा डाव मांडत बसलेल्या स्टॅनिस्लॉ उलाम यांना सुचले, की डाव जमण्याची शक्यता गणिताने काढत बसण्यापेक्षा तो पुन्हा पुन्हा खेळून पाहावा आणि किती वेळा जमला ते मोजावे. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावली आणि ‘माँटे कार्लो’ पद्धत जन्माला आली. आज ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जगभरच्या शास्त्रज्ञांनी उभे केलेले जिअँट-४ हे सॉफ्टवेअर हेच करते. प्रत्येक पावलावर ते यादृच्छिक आकडा काढते, कण कशावर आदळला, किती वळला, किती ऊर्जा गमावली हे ठरवते आणि अशा लाखो प्रवासांतून उत्तर काढते. १९९८ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती खुली झाली. ते मोफत आहे आणि त्याची संहिता कोणालाही उघडून वाचता येते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे एमसीएनपी हे असेच सॉफ्टवेअर हवे असेल, तर त्या देशाच्या निर्यात नियंत्रणाखाली अर्ज करून परवानगी मिळवावी लागते. म्हणून जिअँट-४ च्या खुलेपणाचे मोल मला फार वाटते.

पण फासा टाकायचा तर कोणती बाजू किती वेळा पडते, हे कोणीतरी आधी सांगावे लागते. ते सांगतात प्रयोगशाळेत मोजलेले आकडे. पाण्याचेच पाहा. प्रोटॉन पाण्यात किती लवकर मंदावतो हे ठरवणारा एक आकडा आहे, पाण्याच्या रेणूची माध्य उत्तेजन ऊर्जा. किरणोत्साराच्या एककांचा आणि मोजमापांचा जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याने १९९३ च्या अहवालात तो ७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरला होता. पुढे दोन दशकांनी, नव्या मोजमापांच्या आधारे, त्याच आयोगाने तो ७८ केला, तोही दोन एककांची अनिश्चितता सांगून. २६ सेंटिमीटर जाणाऱ्या प्रोटॉनचा मुक्काम एवढ्याने मिलिमीटरभर पुढे सरकतो. पाणी हा जगातला सर्वांत अभ्यासलेला पदार्थ, तरी ही गत. मग जिवंत माणसाच्या हाडांचे, स्नायूंचे, फुप्फुसांचे काय? संगणक कितीही वेगवान केला आणि कणांचे प्रवास लाखाऐवजी अब्ज केले, तरी ७५ चे ७८ त्यातून कधीच झाले नसते. जास्त फेऱ्यांनी उत्तरातली डळमळ कमी होते. मुळात चुकलेला आकडा मात्र तसाच राहतो, उलट अधिक ठाम दिसू लागतो.

शिवाय सिम्युलेशनला आपण जेवढे सांगू तेवढेच ते जाणते. जिअँट-४ मध्ये दुय्यम कण स्वतंत्रपणे निर्माण करायचे की नाही, याची मर्यादा न बदलल्यास ०.७ मिलिमीटर असते. ज्या इलेक्ट्रॉनची धाव त्याहून कमी, त्याची ऊर्जा तिथल्या तिथे जमा धरली जाते. मोठ्या शोधक यंत्रासाठी हे ठीक; पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पेशीतली किरणोत्साराची मात्रा कोणी त्याच मर्यादेने काढली, तर आकडा येईल आणि त्याला अर्थ नसेल. अनुभवी लोकांच्याही नजरेतून गोष्टी सुटतात. जिनिव्हाच्या महाकाय त्वरकावरील सीएमएस या प्रयोगात, ज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे, टकरी सुरू झाल्यावर प्रचंड ऊर्जेचे विचित्र, एकटे संकेत दिसू लागले. उलगडा असा झाला, की काही कण स्फटिकात प्रकाश निर्माण करण्याऐवजी स्फटिकामागच्या प्रकाशसंवेदकावर थेट आदळत होते. ही शक्यता आधीच्या सिम्युलेशनमध्ये धरली नव्हती. ती नंतर घातली. चूक यंत्राने दाखवली, सॉफ्टवेअरने नव्हे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खोटा नाही. त्वरकावर वेळ मिळवणे महाग आणि अवघड. लॅपटॉपवर मोफत सॉफ्टवेअर चालवायला वीज पुरते. जिथे निधी तुटपुंजा आहे अशा विद्यापीठाने विद्यार्थ्याला संपूर्ण सिम्युलेशनचा विषय दिला, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? तरीही मोजमाप टाळण्याचा खर्च कुठेतरी भरावाच लागतो. प्रोटॉनचा मुक्काम नक्की माहीत नसल्याने जगातली अनेक केंद्रे अंतराच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा मोकळीक धरतात. गाठीची मागची कड २० सेंटिमीटर खोल असेल, तर ती मोकळीक सात मिलिमीटरची होते. म्हणजे तेवढ्या निरोगी ऊतींवर आपण जाणूनबुजून मारा करतो. ऊतींचे आकडे अधिक नेमके मोजले, तर ही पट्टी अरुंद होईल. त्या मोजमापाचा खर्च रुग्णाच्या हिशेबात धरला, तर तो मला महाग वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हजारो लोक दशकानुदशके हे सॉफ्टवेअर वापरत आहेत, ते पुरेसे तपासले गेले आहे, आपण पुन्हा कशाला मोजायचे? ते तपासले गेले आहे हे खरे, आणि त्याच्या कर्त्यांइतकी काटेकोर तपासणी फार थोडे करतात. पण ती ठरावीक पदार्थ, ठरावीक ऊर्जा आणि ठरावीक प्रतिमानांपुरती असते. एकाच प्रश्नाला जिअँट-४ मध्ये वेगवेगळी भौतिक प्रतिमाने निवडता येतात आणि त्यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. कोणते घ्यायचे, हे त्या विशिष्ट परिस्थितीत मोजूनच कळते. अवकाशातून येणारे कण टिपणाऱ्या उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात २०१४ च्या एका वादळी ढगाचा विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट असल्याचे निघाले, ते दोन्ही हातांनी काम केल्यामुळे. ढगाखाली म्यूऑन या कणांची झालेली घट दुर्बिणीने प्रत्यक्ष मोजली आणि तिच्यावरून दाब काढायला सिम्युलेशन वापरले. एकट्या संगणकाला त्या ढगाचा पत्ताही लागला नसता.

आता तिसरा मुद्दा ऐकू येतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा: हे सगळे न्यूरल नेटवर्क झटक्यात करील. वेग मिळेल, मिळतोही आहे. ‘सर्न’च्या ॲटलास प्रयोगात अशी नेटवर्क वापरात आली आहेत. पण ती शिकतात ती जिअँट-४ ने तयार केलेल्या नमुन्यांवर. मूळ प्रतिमानात जे चुकले, ते शिष्यातही उतरते आणि तिथे ते शोधणे अधिक कठीण होते.

म्हणून मागणी साधी आहे. कुलाब्याला १९८८ पासून चालणारा पेलेट्रॉन त्वरक असो की खारघरचा प्रोटॉन झोत, तिथल्या वेळेचा ठरावीक हिस्सा सिम्युलेशन पडताळणाऱ्या मोजमापांसाठी राखून ठेवावा आणि तो विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना खुला करावा. रुग्णांचा वेळ अर्थातच आधी. पण उपचार संपल्यावरची रात्र उरतेच. केवळ सिम्युलेशनवर बेतलेल्या प्रबंधाकडून किमान एका निष्कर्षाची तुलना मोजलेल्या आकड्याशी मागावी. तो आकडा दुसऱ्याने मोजलेला असला तरी चालेल. आणि एखाद्या पदार्थाचा एकच आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत पक्का करण्यात तीन वर्षे घालवणाऱ्या संशोधकाला नेमणुकीच्या वेळी, भराभर शोधनिबंध छापणाऱ्याच्या मागे उभे करू नये.