डॉक्टर व्हायचे, म्हणून गणित सोडायचे?

मार्च महिना आला की बौशरमधल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्येसुद्धा एकच विषय असतो. दहावीची परीक्षा संपते न संपते तोच अकरावीच्या विषयांचा फॉर्म घरी येतो. निकाल अजून लागायचा असतो, पण एप्रिलमध्ये वर्ग सुरू होतात. त्यामुळे मूल कशात हुशार आहे हे कळण्याआधीच ते पुढे कोण होणार हे आपण ठरवून मोकळे होतो.

यंदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी तो फॉर्म हातात घेऊनच खाली आल्या. "भावजी, तुम्ही इंजिनियर, तुम्हीच सांगा. हिला डॉक्टर व्हायचंय. मग गणिताचं ओझं कशाला? बायोलॉजीबरोबर फिजिकल एज्युकेशन घेऊ दे, मार्कही बरे मिळतील."

मी लगेच काही बोललो नाही. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा, आमच्याच घरात, विचारला गेला होता, आणि तेव्हा मी फार झटपट उत्तर दिले होते. त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी थोडा हिशेब मांडू, कारण या विषयात ऐकीव माहितीच जास्त फिरते.

पहिली गोष्ट म्हणजे हे 'ओझे' नक्की किती? सीबीएसईच्या बारावीला मुख्य विषय पाच. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र धरले की चार झाले. पाचवा कोणता तरी घ्यावाच लागतो. म्हणजे गणित हा जादाचा विषय नसून पाचव्या खुर्चीत कोणाला बसवायचे एवढाच प्रश्न आहे. तिथे गणित बसवले तर मेहनत नक्कीच वाढते, पण 'एक विषय जास्त' हे म्हणणे बरोबर नाही. मार्कांची भीती वाटत असेल तर सहावा विषय घेता येतो, आणि पाचांपैकी एखादा राहिलाच तर तो सहावा त्याच्या जागी धरता येतो.

दुसरी गोष्ट नीटची. २०२५ पासून या परीक्षेत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण आहेत. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. गणिताचा स्वतंत्र प्रश्न एकही नाही. इथपर्यंत वहिनींचे म्हणणे खरे. पण उरलेले निम्मे गुण भौतिक आणि रसायनशास्त्राचे आहेत. कॅल्क्युलेटर नेता येत नाही, लॉगची कोष्टकेही नाहीत. तिरपा फेकलेला चेंडू कुठे पडेल, आम्लाचा पीएच किती, किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला किती काळ लागेल, यातले प्रत्येक उदाहरण त्रिकोणमिती, लॉगॅरिथम किंवा कलनशास्त्रावर उभे आहे. गणित न घेतलेल्या मुलांना हे सारे भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यांबरोबर घाईघाईत उरकून दिले जाते. सूत्र पाठ होते, पण ते आले कुठून हे कळत नाही. मग प्रश्न जरा वळवून विचारला की गाडी अडते.

आणि जीवशास्त्र तरी गणितातून कुठे सुटले आहे? बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात प्राण्यांची संख्या कशी वाढते त्याचे समीकरण कलनशास्त्राच्याच भाषेत छापलेले आहे. आनुवंशिकतेतला हार्डी-वाइनबर्गचा नियम म्हणजे आठवीतला 'अ अधिक ब'चा वर्ग. त्यातले हार्डी तर गणितज्ञच, आपल्या रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे!

आता खऱ्या डॉक्टरकीकडे येऊ. समजा एक आजार हजारात एकाला होतो. तपासणी अशी की ती आजारी माणसाला कधी चुकत नाही, पण निरोगी माणसांपैकी शंभरात एकाला उगाच 'पॉझिटिव्ह' ठरवते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तुम्ही खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात, नव्व्याण्णव टक्के. करून पाहा. दहा हजार माणसांत आजारी दहा. त्या दहांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह. उरलेल्या ९,९९० निरोग्यांपैकी सुमारे शंभर जणांचेही पॉझिटिव्ह. म्हणजे एकशे दहा रिपोर्टांमागे खरे आजारी दहाच, अकरात एक. कोविडच्या काळात घराघरांत रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आपल्या सगळ्यांना हे तेव्हा कळले असते तर थोडी झोप लागली असती. हे गणित म्हणजे बेजचा सिद्धांत, आणि तो बारावीच्या गणिताच्या पुस्तकात संभाव्यतेच्या धड्यात आहे. म्हणजे ज्याला उद्या रिपोर्ट वाचून माणसांना धीर द्यायचा, नेमका तोच विद्यार्थी हा धडा न शिकता पुढे जातो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते, आणि माणसाला नेमके किती अन्न लागते या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर काम केले. आरोग्याचे प्रश्न नुसत्या स्टेथोस्कोपने सुटत नाहीत हे मराठी माणसाला नवे नाही.

आता पैशाचे, कारण हा विभाग आरोग्याबरोबर अर्थकारणाचाही आहे.

गावाकडच्या मुलापुढे वैद्यकीय प्रवेशाचे जेवढे रस्ते असतात तेवढे आपल्या मुलांपुढे नसतात. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांमधल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या. त्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. दहावी इथे करून अकरावीला मुलाला आईसोबत लातूरला किंवा पुण्याला पाठवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. दोन बिऱ्हाडांचा खर्च सोसूनही राज्याचा कोटा मिळत नाही, हे काहींना फॉर्म भरताना कळते. मग उरतात अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठे, आणि खासगी कॉलेजांतल्या अनिवासी भारतीयांच्या जागा. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या २००५ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या जास्तीत जास्त १५ टक्के ठरवल्या. त्यांची फी डॉलरमध्ये ऐकली की रियालमध्ये पगार घेणाऱ्यालाही घाम फुटतो. परदेशी शिकायचे म्हटले तरी नीट चुकत नाही. २०२१ च्या नियमांनुसार भारतात परतून व्यवसाय करायचा तर परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप तिथेच, असा असावा लागतो. २०२५ साली सुमारे बावीस लाख मुले नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास.

याच्या शेजारी दुसरे दार ठेवून पाहा. एनआयटीसारख्या संस्थांमध्ये 'दासा' नावाची योजना आहे. तिच्यातल्या जागांपैकी एक तृतीयांश आखाती देशांतल्या भारतीय नोकरदारांच्या मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि त्यांना शिकवणी शुल्क देशातल्या मुलांइतकेच पडते. ओमान त्या यादीत आहे. आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेचाही या योजनेत समावेश आहे. अट अशी, की अकरावी-बारावी परदेशात झालेली हवी आणि जेईई मेन दिलेली हवी. जेईई म्हणजे गणित आलेच. आपल्यासाठी म्हणून मुद्दाम ठेवलेली सवलत, आणि तिच्यावर आपण दहावीनंतरच्या एका फॉर्मने पाणी सोडतो. लातूर-कोट्याला पाठवलेल्या मुलाच्या हातून तर तीही जाते.

आता माझ्या घरची गोष्ट.

२०११ साली माझी धाकटी बहीण अकरावीत गेली. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातला सर्वज्ञ. तिला डॉक्टर व्हायचे होते. "मग गणित सोड, वेळ वाचेल," हे मी जेवता जेवता सांगितले. आईबाबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. २०१३ साली तिची बारावी, आणि नेमके त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट आली. राज्य मंडळाची मुले बावरली. हिचे मार्क कमी पडले. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द ठरवली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा राज्याची सीईटी. तिने एक वर्ष घरी बसून तीही दिली. थोडक्यात हुकले. त्या उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणी इंजिनियरिंगचे फॉर्म भरत होत्या, आणि हिच्यापुढे तो कागदही नव्हता.

तिने बी.एस्सी. केले. पुढे औषधांच्या चाचण्यांतल्या आकडेवारीचे काम तिला आवडले, आणि तिथे पहिल्याच सत्रात गणित आडवे आले. बाविसाव्या वर्षी अकरावीचे पुस्तक उघडून तिने सुरुवात केली. मी तोवर मस्कतला आलो होतो. दर शुक्रवारी सकाळी फोनवर आमची शिकवणी चाले. ती भराभर शिकली. आज पुण्यात ती तेच काम करते आणि तिचे छान चालले आहे. एकदा डेरिव्हेटिव्हचे उदाहरण सोडवून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, मला गणित आवडायचं रे. तू सोड म्हणालास म्हणून सोडलं." मी फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

सगळ्यांनीच गणित घ्यावे असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाला दहावीपर्यंत गणिताने रडवले आहे, त्याला दोन वर्षे आणखी रडवून नीटचा अभ्यासही जातो आणि उत्साहही. जीवशास्त्राला वाचनाचा वेळ लागतो. गणिताला रोज तासभर सराव लागतो. दोन्हीला दिवस पुरत नाही असे दिसले तर आणि डॉक्टरकीचा निश्चय मुलाचाच असेल तर खुशाल गणित सोडावे. पण ते सहा महिने करून पाहून, शाळेत बदल कधीपर्यंत चालतो ते आधी विचारून. दाखवायला म्हणून घेऊ नये, आणि मार्कांच्या धाकाने टाकू नये. एक विरोधाभास बघा. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलाला बारावीनंतर जीवशास्त्राची जादा परीक्षा देऊन नीटला बसता येते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे वैद्यकाचे दार मागाहूनही उघडते.

वहिनींना मी एवढे सगळे सांगितले नाही. मुलगी दारातच उभी होती, तिला विचारले, "तुला गणित आवडतं का?" ती आईकडे बघून म्हणाली, "भूमिती नाही आवडत. बाकीचं आवडतं." वहिनी फॉर्म घेऊन वर गेल्या. त्यात काय भरले ते मी विचारले नाही. गेल्या आठवड्यात मात्र ती त्रिकोणमितीचे एक उदाहरण घेऊन खाली आली होती. माझे उत्तर दोनदा चुकले.