चिंतेचा भार आणि महाविद्यालयांची जबाबदारी

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येणे, ही काही नवी गोष्ट नव्हे. मागील पिढ्यांनीही रात्री जागवल्या आणि निकालाच्या आदल्या दिवशी देवाला नारळ कबूल केले. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीचा विषय निघाला, की ‘आम्ही नाही का शिकलो?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याने वस्तुस्थिती बदलत नाही.

परीक्षा संपताच ओसरणारी काळजी अभ्यासाला चालनाच देते. परंतु जी चिंता महिनोन्महिने हटत नाही, झोप व भूक हिरावून घेते, ती आजाराच्या कोटीत मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमांतर्गत आठ देशांतील प्रथम वर्षाच्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, मागील बारा महिन्यांत सततच्या चिंताविकाराची लक्षणे दिसलेल्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. त्या आठ देशांत भारताचा समावेश नव्हता; तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावणे योग्य नव्हे. तथापि, साठ जणांच्या वर्गात असे दहा विद्यार्थी असू शकतात, एवढी जाणीव त्याने व्हावयास हरकत नाही.

आपल्याकडे या चिंतेला आर्थिक पायाही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालाप्रमाणे, २०२२ साली निरक्षर तरुणांतील बेकारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही म्हणून तो मिळेल ते काम धरतो, हे खरे. पण पदवीधराच्या शिक्षणात कुटुंबाची पुंजी गुंतलेली असते. कोणी जमीन गहाण टाकलेली असते, कोणी दागिने मोडलेले असतात. ही गुंतवणूक वाया गेली तर घरी काय तोंड दाखवावे, हा विचार वसतिगृहातील मुलाची पाठ सोडत नाही. यास मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

अनिश्चिततेत भर घालण्याचे काम शिक्षणसंस्थाही करतात. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी पुरेशा तयारीविना सुरू केली आणि पदवीचे निकाल रखडले. पुढील प्रवेशाच्या मुदती मात्र कोणासाठी थांबत नाहीत. दुसरीकडे, अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त असून तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम भागवले जाते. ज्याला स्वतःच्या पुढील वर्षाची शाश्वती नाही आणि जो एक तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावतो, त्याने मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीची विचारपूस कधी करावी?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे चिंताविकारच असतो असे नाही. परंतु वेळीच मदत मिळाली असती तर काही जीव खचितच वाचले असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. तपासणी समिती येण्याच्या दिवशी दाराला पाटी लावून या निर्देशाची बोळवण होऊ नये. समुपदेशकाला स्वतंत्र खोली व नियमित वेतन हवे, आणि तेथे बोललेले बाहेर फुटणार नाही, ही हमीही हवी. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर लावण्यास तर खर्चही येत नाही.

अर्थात, समुपदेशक नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. रिक्त जागा भरणे आणि निकाल वेळेवर लावणे, ही शासनाची व विद्यापीठांची कामे त्यांनाच करावी लागतील. घरोघरच्या पालकांनीही टक्क्यांच्या चौकशीआधी ‘झोप लागते का?’ एवढे विचारावे. मुलाला लाज न वाटता उत्तर देता आले, तर उपचाराची निम्मी वाट तेथेच सरली, असे समजावे.