उभ्या रानाचा पैसा रानाच्या गावाला मिळालाच पाहिजे

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या ग्रामस्थांना, धरणाखालच्या बागायतदारांना आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना जाहीर विनंती

मे महिन्यात भाटघरचं पाणी तळाला गेलं की कांबऱ्याचं देऊळ उघडं पडतं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. आपण चिखल तुडवत दर्शनाला जातो, जुन्या दगडांवर हात फिरवतो, फोटो काढतो आणि परत येतो. यंदा जाल तेव्हा पायाखालीही बघा. तो तांबडा, लोण्यासारखा मऊ गाळ आपल्याच डोंगरावरून आलाय. ज्या उतारावरून तो आला तिथं आता कातळ वर यायला लागलाय.

1920च्या दशकात ब्रिटिशांनी वेळवंडी नदीवर हे धरण बांधलं. तेव्हा त्याचं नाव लॉइड धरण. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी इथं साठतं. निरेच्या डाव्या कालव्यानं ते पुरंदर, बारामती, इंदापूरला जातं, उजव्यानं फलटण, माळशिरसकडे. खाली ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, पिढ्या शिकल्या. त्याबद्दल आमच्या मनात आकस नाही, ती माणसंही आपलीच आहेत. पण हे पाणी भिंतीत जन्मत नाही. वरच्या ऐन, किंजळ, हिरडा, जांभळाच्या रानात पाऊस मुरतो, तिथून ते झिरपत झिरपत ओढ्याला लागतं. ज्या गावांच्या शिवारात हे रान उभं आहे त्यांना रान राखल्याबद्दल शंभर वर्षांत कुणी एक पैसा दिलेला नाही. हे पत्रक त्यासाठी आहे.

गेल्या मार्चमधली एक रात्र सांगतो. जेवणं उरकली होती. समोरच्या सोंडेवर आधी लाल ठिपका दिसला, मग त्याची रेघ झाली. आम्ही सात-आठ जण निघालो. हातात बॅटऱ्या आणि कोयते, बाकी काही नाही. वर पोचल्यावर ओल्या डहाळ्या तोडल्या आणि जाळ झोडपायला लागलो. वारा फिरला की जाळ अंगावर येतो, मग मागं सरायचं, थांबायचं, पुन्हा पुढं व्हायचं. वाळलं गवत पेटताना सर आल्यासारखा आवाज होतो, तो कानातून दोन दिवस जात नाही. पहाटे जाळ विझला. एकाची पोटरी भाजली होती, दोघांच्या चपला वितळून तळपायाला चिकटल्या होत्या.

उतरताना वाटेत एका योजनेतल्या वृक्षलागवडीचा पट्टा लागला. ओळीनं खणलेले खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात कोळसा झालेली काटकी. लोखंडी पाटी तेवढी शाबूत होती. तिच्यावर लागवडीचं साल होतं, क्षेत्र होतं, रोपांची संख्या होती, झालेला खर्च होता. किती रोपं जगली ते लिहायला रकाना नव्हता.

मंडळी, माझं सगळं म्हणणं त्या पाटीत आहे. जगभरातला जंगलाचा पैसा खड्डे मोजतो. आमची ती रात्र, तिच्यामुळे वाचलेलं वरच्या अंगाचं जुनं रान, याची नोंद गावात नाही, तालुक्यात नाही, दिल्लीत नाही आणि जिथं जंगलांचं भवितव्य ठरतं त्या परिषदांतही नाही.

त्या परिषदांचं आपल्याला काय, असं म्हणू नका. 2021च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला शंभराहून अधिक देशांच्या प्रमुखांनी 2030पर्यंत जंगलतोड थांबवण्याचा जाहीरनामा काढला. भारतानं त्यावर सही केली नाही. त्याच परिषदेत जंगलात राहणाऱ्या समाजांसाठी 1.7 अब्ज डॉलर देण्याचं वचन काही देशांनी आणि मोठ्या देणगीदार संस्थांनी दिलं. वर्षभरानं त्यांनीच हिशेब मांडला, तर त्या वर्षी दिलेल्या रकमेतला फक्त 7 टक्के पैसा थेट त्या लोकांच्या संघटनांच्या हाती पडला होता. बाकीचा मधल्या संस्था, सल्लागार आणि सरकारी खाती यांच्यामार्फत गेला. हा कुणा विरोधकाचा आरोप नाही, पैसे देणाऱ्यांचीच कबुली आहे.

2025च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला आणखी एक मोठा फंड जाहीर झाला, ट्रॉपिकल फॉरेस्ट्स फॉरएव्हर फॅसिलिटी. लक्ष्य 125 अब्ज डॉलरचं. भारत त्यात निरीक्षक म्हणून सामील झाला. या फंडातली एक गोष्ट मला मनापासून पटते: तो लागवडीला नाही, उभ्या जंगलाला पैसे देऊ म्हणतो. पण आकडा बघा. हेक्टरी वर्षाला सुमारे 4 डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर हेक्टरी 360, म्हणजे एकरी साधारण 145 रुपये. त्यातला किमान पाचवा हिस्सा स्थानिक समाजांना देणार. एकरी 29 रुपये, तेही वर्षाला, आणि गुंतवणूकदारांचा परतावा भागल्यावर. ज्या रात्री आम्ही जाळ झोडपला त्या रात्रीच्या बॅटरीचे सेलसुद्धा त्यात येत नाहीत. उरलेले चार हिस्से देशाच्या सरकारला. सरकार ते पैसे कुठं लावतं हे आपल्याला आपल्याच अनुभवावरून सांगता येतं.

तो अनुभव कॅम्पाचा. धरण, रस्ता, खाण, वीजवाहिनी यांसाठी जंगल जातं तेव्हा प्रकल्पवाले भरपाई भरतात, तिच्या निधीला कॅम्पा म्हणतात. ती साठत साठत पन्नास हजार कोटींच्या वर गेली. 2016 साली त्यासाठी कायदा झाला. राज्यसभेत चर्चा झाली तेव्हा ग्रामसभेची संमती कायद्यात घाला, असा आग्रह जयराम रमेश यांनी धरला. नियमांत त्याची काळजी घेऊ, असं आश्वासन तेव्हाचे पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी दिलं. 2018 साली नियम आले. पैशाच्या चाव्या वनखात्याकडेच राहिल्या. 2019च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं राज्यांना 47 हजार कोटींहून अधिक रक्कम वाटली. महाराष्ट्राच्या वाट्याला 3,800 कोटींच्या वर आले. आपल्या गावच्या ग्रामसभेत त्यातल्या एका रुपयाची तरी चर्चा झाल्याचं कुणाला आठवतंय का? मला आठवत नाही.

भरपाईच्या लागवडीचं काय होतं हे कॅगनं 2013च्या अहवालात लिहून ठेवलंय. देशात 1 लाख 3 हजार हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली 28 हजार, आणि प्रत्यक्ष लागवड झाली 7,280 हेक्टरवर. शंभरातली सात. त्यानंतर महाराष्ट्रात 2016पासून चार वर्षांत 50 कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. 2021 साली तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मोहिमेत राबलेल्या शाळकरी पोरांचा, शिक्षकांचा यात काही दोष नाही. त्यांनी मनापासून रोपं लावली. दोष आहे तो पावसाळ्यात रोप लावून उन्हाळ्यात त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या हिशेबाचा. जिथं रोपं जगली तिथंही बऱ्याच ठिकाणी गिरीपुष्पच दिसतं. ते झटपट वाढतं आणि कागदावर हिरवं दिसतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एक हेक्टरवर दहा टक्के झाडोरा असला की ते वनच, मग ती देवराई असो, कलमी आंब्याची बाग असो की गिरीपुष्प. अशा मोजणीवर देश जगाला आकडे देतो आणि त्या आकड्यांवर फंडांची गणितं बसतात.

आता हिरड्याकडे या. आपल्या भोर तालुक्यातल्या एका भागाला हिरडस मावळ म्हणतात, तिथल्या एका गावाचं नाव हिर्डोशी. हिरड्याचं मोठं झाड उभं राहायला एक अख्खी पिढी जाते. पुढं ते दरसाल फळतं, बाळहिरडा वेचून, वाळवून घरात चार पैसे येतात. ते पैसे बाईमाणसाच्या कष्टाचे असतात. झाड मात्र तोडून कोळशाच्या भट्टीत घातलं की एकदाच पैसा, आणि तोही मालकापेक्षा ठेकेदाराला जास्त. तरीही तोड होते, कारण उभ्या हिरड्याला सरकारच्या लेखी किंमत नाही. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आंबेगाव-जुन्नरकडची हिरड्याची झाडं उन्मळली. हिरड्याची भरपाई मिळवायला तिथल्या आदिवासींना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. झाड कुणाचं, पीक कुठलं, रकाना कोणता, याच वादात ती वर्षं गेली.

खरं बोलायचं तर आपलेही हात स्वच्छ नाहीत. गवत चांगलं फुटतं या समजुतीनं डोंगराला काडी लावणारा बाहेरचा नसतो. राबासाठी ऐन-किंजळाची पार खोडापर्यंत छाटणी आपणच करतो. लग्न, दवाखाना किंवा पोराची फी आली की मालकी रान उक्त्या भावात ठेकेदाराला देतो, आठ दिवसांत डोंगर बोडका होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या खाचराच्या बांधावर दगडगोटे येतात. फार्म हाऊसच्या प्लॉटिंगवाल्याला डोंगर विकणाराही आपल्यातलाच. या गोष्टी लपवून आपल्याला कुणाकडे हक्कानं काही मागता येणार नाही. पण अडचणीतल्या माणसाला तोडीचा पैसा रोख मिळतो आणि राखणीचा पैसाच नाही, हे जोवर बदलत नाही तोवर नुसता उपदेश करून रान राहणार नाही.

हे जमतं का? जमतं. कोस्टा रिका हा आपल्या पुण्या-नाशिकच्या दोन जिल्ह्यांच्या दुपटीपेक्षाही लहान देश. ऐंशीच्या दशकात तिथलं जंगल चौथाईच्या आसपास उरलं होतं. 1996 साली त्यांनी कायदा केला, जंगल मोडायला बंदी घातली आणि पुढच्या वर्षापासून रान राखणाऱ्या जमीनमालकांना दरसाल करारानं पैसे द्यायला लागले. पैसा आणला पेट्रोल-डिझेलवरच्या करातून, पुढं पाणी वापरणाऱ्यांकडूनही घेतला. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक जमीन झाडाखाली आहे. आणि दूर जायचं नसेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आहे. 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेनं स्वतः द्यायला सुरुवात केली. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जंगलाच्या नावानं परदेशातून किंवा दिल्लीतून येणारा पैसा उभ्या रानाच्या एकरांवर मिळावा, आणि तो हक्कदार ग्रामसभेच्या खात्यात थेट जमा व्हावा. कॅम्पाच्या निधीतून पहिला खर्च वणव्यावर व्हावा: डिसेंबर-जानेवारीतच जाळपट्टे काढायची मजुरी, चार महिने गावातल्याच माणसांची पगारी राखण, बूट आणि फवाऱ्याचे पंप. निरेच्या दोन्ही कालव्यांच्या पाणीपट्टीतला एक ठरलेला हिस्सा पाणलोटातल्या गावांना, रान राखल्याच्या पडताळणीवर, दरसाल मिळावा. कारखान्यांनीही त्यात वाटा उचलावा. धरण गाळानं भरलं तर त्यांचीच टाकी रिकामी राहणार आहे. मालकी रान न तोडणाऱ्या शेतकऱ्याला तोडीच्या मोहापासून वाचवेल इतकी रक्कम हवी, 29 रुपये नको.

एक सावधगिरीही बाळगा. कार्बन क्रेडिटच्या नावानं तीस-चाळीस वर्षांचे करार घेऊन कुणी दारात आलं तर घाई करू नका. अशा जंगल-क्रेडिटबाबत 2023च्या जानेवारीत गार्डियन आणि डी त्साईट या वृत्तपत्रांनी तपास छापला. त्यांनी पाहिलेल्या पावसाळी जंगलांच्या प्रकल्पांतली बहुतेक क्रेडिट पोकळ निघाली. इंग्रजी कागदावर अंगठा नको, सही नको. करार मराठीत मागा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या.

पैसा मागायच्या आधी हक्क हातात घ्यावा लागेल. 2006चा वनहक्क कायदा फक्त गडचिरोलीसाठी नाही. महादेव कोळी आणि कातकरी बांधवांना 13 डिसेंबर 2005च्या आधीपासूनचा वहिवाटीचा संबंध दाखवावा लागतो. धनगर, मराठा आणि इतर समाजांना त्या तारखेआधीची 75 वर्षं, तीन पिढ्या. पुरावा म्हणून जुनी कागदपत्रं चालतात आणि म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबही चालतात. ज्यांना कुरणाच्या, देवराईच्या, पाणवठ्याच्या जुन्या हद्दी तोंडपाठ आहेत ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. त्यांचे जबाब आधी लिहून घ्या.

26 जानेवारीच्या ग्रामसभेला या. वनहक्क समिती नसेल तर त्यासाठी गावाची, वाडीची स्वतंत्र सभा लावून घ्या. तिला निम्मे गावकरी हजर लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका लागतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आणा. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा नमुना 'क' तिथंच भरायला घ्या. आणि फेब्रुवारी लागायच्या आत, पैसा येवो न येवो, आपापल्या डोंगराचा जाळपट्टा काढून ठेवा.

आपला,
भाटघरच्या फुगवट्याकाठचा एक शेतकरी

(वाचून झाल्यावर पत्रक पुढच्या वाडीत द्यावे.)