अर्ध्या हळकुंडाने पिवळे

सांगलीच्या बाजारात हळदीचा जाणता खरेदीदार हळकुंड मोडल्याशिवाय भाव बोलत नाही. वरून माल कितीही तुकतुकीत दिसो, तो हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग निरखतो आणि मगच सौद्यात उतरतो. अशाच एका व्यापाऱ्याची ही हकीकत. घरात व पेठेत त्यांना सारे ‘अण्णा’ म्हणतात. चाळीस वर्षांच्या व्यापारात त्यांनी पोत्यावरची चिठ्ठी वाचून माल घेतला नाही. पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर फर्निचरच्या एका प्रशस्त दालनात गेले असता पाऊण तासात त्यांनी ४,८०,००० रुपयांची यादी तयार करून घेतली, तीही केवळ किमतीची चिठ्ठी वाचून.

निमित्त आनंदाचे होते. धाकट्या चिरंजीवांचा विवाह ठरला होता आणि दिवाळीनंतर व्याही मंडळी घर पाहावयास येणार होती. गावभागातील घर जुने, बैठकीतील गाद्या-लोड त्याहून जुने. घराची शोभा वाढावी, ही इच्छा गैर नव्हतीच. यादीत सोफासंच ६८,००० रुपयांचा होता. त्याची ‘मूळ किंमत’ १,२०,००० रुपये लिहून त्यावर लाल रेघ मारलेली होती. जेवणाचे टेबल ८५,०००, भिंतीलगतची कपाटे १,९०,०००, दूरदर्शन संचाचे कपाट ६२,००० आणि पडदे, झुंबर, शोभेच्या वस्तू मिळून ७५,०००. शिवाय दालनवाले घरातील जुने सागवानी कपाट ६,००० रुपयांना उचलून नेणार होते. सवलत रविवारपर्यंतच होती.

रात्री जेवणानंतर अण्णांनी यादी सर्वांपुढे ठेवली. “सोफ्यातच बावन्न हजार वाचले,” असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले.

थोरल्या सूनबाईंकडे दुकानाच्या हिशेबाची वही सहा वर्षांपासून आहे. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि हळूच विचारले, “अण्णा, पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे?”

“कॅश क्रेडिट मोकळेच आहे. चाळीस लाखांच्या मर्यादेत बारा लाखसुद्धा वापरात नाहीत.”

“मोकळे दिसते, पण ते नव्या हळदीसाठी ठेवलेले आहे ना?”

या प्रश्नात खरा पेच होता आणि तो केवळ या एका घराचा नाही. व्यापारी कुटुंबात दुकानाचा व घराचा पैसा एकाच तिजोरीत नांदतो, म्हणून दोहोंतील सीमारेषा पुसट होते. कॅश क्रेडिटची मंजूर मर्यादा चाळीस लाखांची असली, तरी उचल किती करता येईल हे दरमहा बँकेला दिल्या जाणाऱ्या मालाच्या विवरणावर ठरते. त्या महिन्यात देणी वजा जाता माल व येणे मिळून २४ लाख रुपये होते. २५ टक्के मार्जिन वगळल्यावर उचलीची पात्रता १८ लाखांचीच राहिली. पैकी १२ लाख वापरात. म्हणजे खरोखर मोकळे होते ते सहाच लाख. त्यातून पावणेपाच लाखांहून अधिक रक्कम बैठकीत जाऊन बसली असती. हळदीचे पोते विवरणात धरता येते, विकले की पैसा परत येतो. सोफा विवरणात धरता येत नाही आणि त्याचे पैसेही परत येत नाहीत.

व्याजाचा हिशेब सूनबाईंनी यादीच्या मागील बाजूसच मांडला. खात्यावरील दर साडेदहा टक्के. ४,८०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज ५०,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. व्यवसायासाठी घेतलेले कर्ज घरखर्चाकडे वळविले, तर तेवढ्या भागाचे व्याज आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही. सोफ्यावर ‘वाचलेले’ बावन्न हजार पहिल्याच वर्षी व्याजात जवळजवळ संपत होते.

त्याहून मोठा आकडा पुढे होता. माघ-फाल्गुनात नव्या हळदीची आवक वाढते आणि हाती रोकड असलेला व्यापारी चांगला माल निवडून घेतो. २५ टक्के मार्जिनच्या हिशेबाने स्वतःचे ४,८०,००० रुपये गाठीशी असतील, तर बँकेच्या साह्याने १९,२०,००० रुपयांचा माल उचलता येतो. ही रक्कम फर्निचरमध्ये गुंतली, तर हंगामाच्या ऐन वेळी तेवढ्या मालावर पाणी सोडावे लागते. दालनातील चिठ्ठीवर ही किंमत लिहिलेली नसते.

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हप्त्यांवर घेऊ. बिनव्याजी हप्ते आहेत म्हणे.”

बिनव्याजी हप्त्यांचे कोडे अनेक घरांत पडते. व्याज शून्य टक्के असल्याचे भासवणाऱ्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. अशा योजनांत व्याज प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने लपविले जाते, असे तिने बँकांना बजावले होते. आज क्रेडिट कार्डावरील ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत बहुधा व्याजाएवढी सूट आधी किमतीत दाखवितात आणि पुढे बँक तेवढे व्याज हप्त्यांतून घेते. व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो ग्राहकाच्याच माथी. म्हणून प्रश्न एकच विचारावा: “आज रोख दिले तर किती?” रोखीचा आकडा कमी निघाला, तर दोहोंतील फरक हेच व्याज समजावे.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी अण्णांना पुन्हा त्याच दालनात नेले. सोबत घराचा जुना सुतार होता. हळकुंड मोडण्याची विद्या फर्निचरलाही लागू पडते; फक्त पाहण्याच्या जागा वेगळ्या. सुताराने समोरून काहीच पाहिले नाही. त्याने सोफा एका बाजूने उचलून त्याच्या तळाचे कापड चाचपले, कपाटाची मागची पाठ पाहिली, खण पूर्ण बाहेर काढून त्याचा सांधा तपासला. जेथे कंपनीने ग्राहकाची नजर जाणार नाही असे गृहीत धरलेले असते, तेथेच खरा माल दिसतो.

चिठ्ठीवर ‘टीक फिनिश’ असे होते. ‘टीक’, ‘टीक व्हिनिअर’ आणि ‘टीक फिनिश’ या तीन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्यात साग असतो. दुसऱ्यात प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. तिसऱ्यात बहुधा केवळ सागाचा रंग असतो. ‘सॉलिड वूड’ म्हणजेही साग असे नव्हे. ते रबराच्या झाडाचे किंवा आंब्याचे लाकूड असू शकते. आजोबांच्या काळचे शिसवी लाकूड आणि आज ‘शीशम’ म्हणून विकले जाणारे लाकूड हीदेखील दोन वेगळ्या झाडांची लाकडे आहेत. कोणतेही वाईट नाही. मात्र ज्याचे दाम द्यावयाचे, तेच मिळत आहे याची खात्री हवी आणि लाकडाचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

भिंतीलगतची कपाटे पार्टिकल बोर्डाची निघाली. लाकडाचे तुकडे व चुरा डिंकासारख्या रसायनात दाबून हा फळा तयार होतो. कोरड्या जागी, हलक्या वापराला तो चालतो. परंतु पाणी लागले की फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच जागी पुन्हा घट्ट बसत नाही. घर बदलताना असे कपाट सोडून पुन्हा जोडणे अवघड होते. प्लायवुड घ्यावयाचे असल्यास त्यावरील भारतीय मानकाची खूण पाहावी: आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे मानक, आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचे. मोरीजवळच्या वा ओलीच्या भिंतीलगत दुसरेच योग्य. सोफ्याच्या फोमची घनताही विचारून बिलावर लिहून घ्यावी; कमी घनतेचा फोम पहिल्या दिवशी मऊ लागतो आणि लवकरच खोलगट होतो.

आपल्या घरांत आणखी काही प्रश्न विचारले जातात आणि ते विचारण्यात संकोच नसावा. आसनाचे आवरण चामड्याचे आहे की कृत्रिम? जुन्या पद्धतीच्या सुतारकामात सांध्यांना लावला जाणारा सरस प्राणिज असतो आणि फ्रेंच पॉलिशमधील लाख ही किडीपासून मिळते. आज दोहोंनाही पर्याय सहज उपलब्ध आहेत. मात्र ते काम सुरू होण्यापूर्वी सांगावे लागतात.

परतल्यावर वर्षांचा हिशेब झाला. सुताराच्या अंदाजाने ६८,००० रुपयांचा तो सोफा पाच वर्षे टिकला असता आणि मोडीत चार हजार आले असते. म्हणजे वर्षाला १२,८०० रुपये. सागाच्या सांगाड्याचा सोफा त्याने ९५,००० रुपयांत सांगितला. वीस वर्षांत दोनदा फोम व कापड बदलण्यास प्रत्येकी वीस हजार धरले, तरी एकूण १,३५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,७५० रुपये. सवलत टक्क्यांत मोजली की स्वस्त वस्तू पुढे दिसते, वर्षांत मोजली की बहुधा मागे पडते. अर्थात भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षांसाठी राहणाऱ्या नवदांपत्याचा हिशेब निराळा असेल. त्यांना हलकी, सुटी होणारी, जुनी घेतलेली वस्तूच परवडते. प्रश्न वस्तू किती वर्षे वापरावयाची, हाच आहे.

राहिले ते सागवानी कपाट. ते अण्णांच्या मातोश्रींचे. सुताराने मोजून सहा घनफूट लाकूड सांगितले आणि जुन्या सागाचा भाव घनफुटाला अडीच हजार. नुसत्या लाकडाचेच १५,००० रुपये झाले. दालनवाले त्याचे सहा हजार देत होते. सुताराने खाली वाकून कपाटाच्या पायाशी बोट ठेवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, तेव्हा हे कपाट कित्येक दिवस पाण्यात उभे होते. पाण्याची रेघ अजून दिसत होती. पूर ओसरल्यावर ते सावलीत वाळविले, दोन बिजागऱ्या बदलल्या आणि त्यात पुन्हा कपडे लागले. शेजारच्या घरातील भुशाच्या फळ्यांचे नवे कपाट त्याच पुरात फुगून उकलले होते व गाडीत घालून फेकावे लागले होते.

अण्णा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. “आईचे कपाट सहा हजारांना देत होतो,” एवढेच ते बोलले.

त्यांच्या मनात एक शेवटचा मार्ग होता: बिल दुकानाच्या नावे घ्यावे, म्हणजे कराचे क्रेडिट मिळेल आणि दहा टक्के घसाराही. सूनबाईंनी नम्रपणे नकार दिला. घरगुती वापराच्या वस्तूवरील कराचे क्रेडिट कायद्याने मिळत नाही आणि घसारा व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या फर्निचरवरच मिळतो. बैठकीतील सोफा दुकानाच्या वहीत दाखविणे म्हणजे वही खोटी करणे होय. त्याचप्रमाणे ‘बिल नको, स्वस्तात देतो’ हा सौदाही टाळावा. वस्तू सदोष निघाल्यास ग्राहक आयोगापुढे बिल हाच मुख्य पुरावा असतो.

अखेर यादी अशी झाली: सागाच्या सांगाड्याचा सोफा ९५,०००, जुन्या कपाटाची दुरुस्ती व पॉलिश ११,०००, घराची रंगसफेदी व पडदे ४४,०००. एकूण दीड लाख रुपये, तेही घरखर्चाच्या बचतीतून. जेवणाचे टेबल, झुंबर व भिंतीची कपाटे विवाहानंतर, नव्या सूनबाईंच्या पसंतीने घ्यावयाची ठरली. घर त्यांचेही होणार, तेव्हा त्यांच्या पसंतीला जागा ठेवणे हेही शहाणपणच.

व्याही मंडळी आली, बसली, चहा-फराळ झाला. घराची चर्चा फारशी झालीच नाही. मुलामुलीच्या शिक्षणाची व वैशाखातील मुहूर्तांची झाली. माघात हळदीचे सौदे सुरू झाले, तेव्हा अण्णांच्या खात्यात उचलीला जागा होती.

खरेदीपूर्वी प्रत्येक घराने पाच प्रश्न कागदावर लिहावेत. ही वस्तू सवलत नसती तरी घेतली असती काय? पैसा घराचा की दुकानाचा? आतून ती कशाची आहे व ते बिलावर आहे काय? वर्षाला खर्च किती पडतो? आणि तिच्यासाठी घराबाहेर जाणाऱ्या जुन्या वस्तूचे खरे मोल किती? पाचही उत्तरे समाधानकारक आली, तर वस्तू निःशंकपणे घ्यावी आणि आनंदाने वापरावी. एकही अडले, तर रविवार जाऊ द्यावा. सवलती पुढच्या सणालाही असतात.